रिकाम्या आठ मात्रा

भातेवाल्यांना मी पहिल्यांदा झापलं ते एका सुरावरून. माझं चष्म्याचं दुकान आणि त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. मी दुकान घेऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. समोर गिऱ्हाईक बसलेलं, मी त्याच्याकडून पाटीवरची अक्षरं वाचून घेतेय आणि पलीकडून एकच सूर, पूंऽऽ, पूंऽऽ, पाऊण तास. शेवटी उठले, त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, “अहो, पुढचा सूर येत नाही का तुम्हाला?” त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, “हाच अजून आलेला नाही.”

त्याला अकरा वर्षं झाली. संगीतातलं मला आजही ओ की ठो कळत नाही, पण त्या भिंतीमुळे काही गोष्टी नको म्हटलं तरी कळल्या. पेटीत किंवा अकॉर्डियनमध्ये सूर बोलतो तो धातूच्या एका पातळ पट्टीतून. ती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि जरा जास्त घासली की पट्टी कामातून गेली. हे काम ते दिवसभर करत. पण त्यांच्याकडे जास्त येत ती फाटक्या भात्याची वाद्यं. वारा गळतोय कुठून हे शोधायला ते भात्याच्या प्रत्येक घडीजवळ गाल नेत. डोळे मिटून, गाल पुढे करून बसलेला हा माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. आमचा सगळा रस्ता त्यांना भातेवाले म्हणतो. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, ते उन्हानं कधीच उडालं आणि त्यांनी परत रंगवलं नाही.

दुकानावरच त्यांच्या दोन खोल्या. मी तिथे पहिल्यांदा गेले ते गेल्या वर्षी, ते तापानं पडले तेव्हा. टेबलाला खुर्च्या चार, पण तीन खुर्च्यांवर वाद्यांचे सुटे भाग रचलेले आणि चौथी बसून बसून मध्ये खचलेली. कपाटात ताटं सहा. वापरातलं एक, ते ओट्यावर पालथं घातलेलं. मी म्हणाले, “एवढ्या ताटांचं काय करता?” ते म्हणाले, “काही नाही. आहेत.” माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे असली उत्तरं मला समजावून सांगावी लागत नाहीत.

त्याच आजारपणानंतर संगीतशाळेच्या मुख्याध्यापिका त्यांच्याकडे आल्या. शाळेची सगळी वाद्यं भातेवाल्यांच्याच हातून गेलेली. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी बाईंना काहीतरी नवं हवं होतं. त्या म्हणाल्या, “तुमच्या घराण्यात दोन-तीन पिढ्या वाजवणारे होते असं ऐकलंय. त्यांचं काही असेल, तर त्यातून आमच्या मुलींसाठी दहाएक मिनिटांचं काहीतरी बांधा ना.” भातेवाले म्हणाले, “आमच्याकडे चिजा नाहीत. हाका आहेत.”

बाईंना काही समजलं नाही. भिंतीला कान लावून बसलेल्या मलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी सरळ जाऊन विचारलं.

तर त्याचं असं होतं. त्यांचे आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, वडील नाटकाच्या थिएटरात. घरात मूल जन्मलं की नाव ठेवायच्या आधी घरातला वडीलधारा त्याच्यासाठी एक छोटी धून बांधायचा. आठ मात्रांची, एका श्वासात संपेल अशी. तिला ते हाक म्हणायचे. मग त्या माणसाला जन्मभर त्याच हाकेनं बोलवायचं. जेवायला, आंघोळीला, बाजारातून, जिन्याखालून. कोणी वाद्यावर वाजवी, कोणी शीळ घाली, आई गुणगुणायची. शाळेच्या दाखल्यावरचं नाव घरात कोणी उच्चारत नसे. वडील कामावरून आले की खालूनच सगळ्यांच्या हाका एकामागून एक देत आणि सगळा जिना दणाणून जाई.

“आणि नियम एकच,” ते म्हणाले. “आपली हाक आपण वाजवायची नाही.”

सहा वर्षांचे असताना त्यांनी ती वडिलांच्या क्लॅरिनेटवर वाजवायचा प्रयत्न केला होता. वडिलांनी क्लॅरिनेट काढून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, “आपण आपल्याला हाक मारत नसतो रे. आपण असतोच.” त्यानंतर त्यांनी ती कधीच वाजवली नाही.

पुढचे दोन महिने भिंतीपलीकडून माणसंच माणसं येत होती म्हणायला हरकत नाही. अकॉर्डियन, दोन क्लॅरिनेट आणि एक बासरी एवढ्यांसाठी त्यांनी लिहायला घेतलं होतं. आजोबांची हाक जाड आवाजाची, तिला त्यांनी खालच्या सुरांत ठेवलं. वडिलांची थोडी चेष्टेखोर. आईची इतकी साधी की मलासुद्धा पाठ झाली आणि चष्म्याच्या काड्या घट्ट करताना मी ती गुणगुणायला लागले. ते दारात येऊन म्हणाले, “चष्मेवाल्या बाई, आईला कशाला त्रास देताय?” इतक्या वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी भिंत गप्प झाली. चार दिवस सूर नाही, कानस नाही. मी डबा घेऊन वर गेले. वही टेबलावर उघडी पडलेली. पानभर लिहिलेलं, मध्ये पेन्सिलीनं आखलेल्या आठ मात्रा रिकाम्या, पुढे परत लिहिलेलं.

“इथे माझी यायला हवी,” ते म्हणाले. “आठवत नाही.”

मला वाटलं, गंमत करतायत. सहासष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही म्हणजे काय? पण ते रडकुंडीला आले होते. बाकी सगळ्यांच्या हाका त्यांनी स्वतः वाजवलेल्या, त्या बोटांत बसल्या होत्या. स्वतःची फक्त कानावर पडलेली, आणि तीही पडायची बंद होऊन तेवीस वर्षं झाली होती. “जिन्यावरून हाक आली, मी खेळ टाकून पळालो, हे आठवतं,” ते म्हणाले. “आईनं आंघोळीला बोलावलं आणि मी पलंगाखाली लपलो, तेही आठवतं. काय वाजलं ते तेवढं आठवत नाही.”

मी आपलं व्यवहारी डोकं चालवलं. म्हणाले, “मग करा की एखादी नवी. ऐकणाऱ्याला कुठे कळणार आहे?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “मीच मला कशी देऊ?” आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चूक माझीच होती, पण मीही हट्टी, मीही बोलले नाही.

ती हाक ठाऊक असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं. त्यांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, चार तासांवरच्या गावात एकटीच राहत होती. आणि तेवीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

ते का, हे त्यांनी चौथ्या दिवशी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ताईचे यजमान लवकर गेले, म्हणून ती मुलाला घेऊन भावाकडे राहायला आली. त्या भाच्याची हाक भातेवाल्यांनीच बांधलेली. तो जन्मला तेव्हा आजोबा नव्हते, वडीलही त्याच वर्षी गेलेले, म्हणून पाळी यांच्यावर आली. आठ मात्रा बांधायला त्यांना पाच आठवडे लागले. मूल तोवर बिननावाचं, बिनहाकेचं, आणि ताई रोज विचारायची, “झाली का रे?” आयुष्यात त्यांनी स्वतः केलेली धून ती एवढीच. मुलगा सतरा वर्षांचा झाला. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेला.

तो जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. दुपारी दीडचा सुमार. भातेवाले खाली दुकानात एक अकॉर्डियन संपवत होते. दुरुस्ती झाली की वाद्य मांडीवर घ्यायचं आणि मन भलतीकडे ठेवून काहीतरी वाजवायचं, म्हणजे त्यातली खोड आपोआप सापडते, अशी त्यांची पद्धत. मन भलतीकडे होतं. बोटांनी भाच्याची हाक वाजवली. एकदा नाही, तीन-चारदा, उंच-खालच्या सुरांत, कारण वाद्य तपासायचं तसंच असतं.

वर गेले तर दार सताड उघडं. ताई दारात उभी. मागे टेबलावर मुलाचं ताट वाढलेलं.

“ती मला काही म्हणाली नाही,” ते म्हणाले. “नुसती जिन्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ताई, चुकून वाजलं गं. तिनं ताट उचललं, घासलं, पुसलं, कपाटात ठेवलं. दहाव्या दिवशी सामान बांधून गेली.”

आता त्यांनी तिला तीन पत्रं लिहिली. मी ती वाचली आहेत, कारण चष्मा लावूनही त्यांना आपलंच अक्षर लागत नाही. तीनही पत्रांत काय बांधतोय, कोणासाठी बांधतोय, सगळं सविस्तर आणि शेवटी एक ओळ. ‘माझी तेवढी कळव.’ एकाचंही उत्तर आलं नाही. मुख्याध्यापिका दर आठवड्याला विचारून जात. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला. बाई म्हणाल्या, “ती जागा गाळून पुढे जा ना, अकरा मिनिटांत आठ मात्रा कोण मोजतंय?” मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. माझा धडा झाला होता.

एका शनिवारी सकाळी ते माझ्या दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, मफलर, काखेत वही.

“सोबत याल का? एकटा गेलो तर दारातूनच परत येईन.”

शनिवार म्हणजे माझा गर्दीचा दिवस. हे मी त्यांना दोनदा ऐकवलं आणि शटर ओढलं. बसमध्ये चार तास ते एक शब्द बोलले नाहीत. वही मांडीवर आणि बोटं वहीवर चालू. मीच बडबडत होते. गप्प माणसाशेजारी बसलं की मला चेव येतो.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार तिनंच उघडलं. उंच, ताठ बाई, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. भावाकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाली ते माझ्याबद्दल.

“ह्या कोण?”

“शेजारच्या दुकानाच्या.”

“बरं,” ती म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये मला नीट तपासून बाजूला ठेवलं होतं.

खोली लख्ख. वाद्य नाही, रेडिओ नाही, टीव्हीसुद्धा नाही. तिनं चहा केला. कप ठेवताना मात्र भावाच्या कपाची दांडी डावीकडे वळवून ठेवली. ते डावरे आहेत, हे अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“पत्रं मिळाली,” ती म्हणाली. “कोणाकोणाच्या घेतल्यास?”

“आजोबांची. बाबांची, आईची. काकांची. तुझी.”

“आणि?”

मी चहाकडे बघत राहिले.

“त्याचीही आहे,” ते म्हणाले.

“काढ.”

“ताई…”

“ती काढ. लगेच देते तुझी. वही उघड, लिहून घे. मला स्पष्ट आठवते.”

मला मनापासून वाटलं की या माणसानं आता हो म्हणावं. ज्याच्यासाठी इतके दिवस झुरले ते समोर होतं, एका बोळक्या तोंडात. भातेवाल्यांनी वही उघडली. पेन्सिलसुद्धा काढली. मग कितीतरी वेळ ते त्या रिकाम्या घरांकडे पाहत बसले.

“मी गेलो की ती कोणालाच येणार नाही,” ते म्हणाले. “तू वाजवणार नाहीस. शाळेतल्या चार मुलींच्या बोटांत बसली तर कुठेतरी वाजत राहील.”

“कशाला वाजत राहायला हवी?” ताईचा आवाज चढला. “तुला काय कळतंय? तू वाजवतोस आणि मोकळा होतोस. मी दार उघडते. अजूनही उघडते. खालून कोणी पोरगा शीळ घालत गेला ना, त्या धुनेची नसली तरी उठते मी. हे गुडघे घेऊन उठते. म्हणून तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, ऐकू येऊ नये म्हणून. आणि तू ती माणसं बसवून वाजवणार? टाळ्या घेणार?”

भातेवाल्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

“मग माझी राहू दे, ताई. त्याची राहील.”

ती उठली, कप उचलले आणि आत गेली. नळ सुरू झाला. आम्ही दोन मिनिटं तसेच बसलो, मग भातेवाले उठले. दाराशी त्यांनी “येतो” म्हटलं. नळाच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

जिना उतरताना मला इतका राग आला होता की काय सांगू. तिचा आला होता, त्यांचाही आला होता. एवढ्या लांब यायचं, हातात आलेलं सोडायचं आणि परत त्या खचलेल्या खुर्चीत जाऊन बसायचं. मी पुढे होते आणि हे सगळं त्यांना मोठ्यानं सुनावत होते. त्या खोल्यांत तुम्हाला हाक मारणारं आहे कोण, हेही बोलून गेले. बोलायला नको होतं. आम्ही दुसरा मजला उतरून पहिल्यावर आलो होतो.

तेवढ्यात वरून शीळ आली.

म्हाताऱ्या माणसाची शीळ, दातच नाहीत त्यामुळे निम्मी हवाच. चढत गेलेले दोन-तीन सूर, मध्येच जरा अडखळल्यासारखं, आणि मग खाली घसरत येऊन थांबलेलं. मला वाटलं, कोणीतरी कुत्र्याला बोलावतंय. मी वळून पाहिलं. भातेवाले पायरीवर थिजले होते, एक पाय वर, एक खाली, हात कठड्यावर.

परत शीळ आली. तीच.

मी जिन्याच्या पोकळीतून वर डोकावले. ताई तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी वाकून उभी होती. तिच्या हातात मफलर होता. खुर्चीवर राहिला असणार. आपण काय करतोय हे तिच्या गावीही नव्हतं. भाऊ मफलर विसरून निघाला, इतकंच तिला दिसत होतं, आणि या माणसाला मागे बोलवायची दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.

मी त्यांचा दंड धरला. “अहो, तुम्हाला बोलावतायत. ओ द्या ना!”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे मिटले होते आणि गाल जरासा वरच्या बाजूला केला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तिसऱ्यांदा शीळ आली, जरा चिडून. मग थोडा वेळ काहीच नाही आणि मग चपलांचा आवाज. ताई उतरायला लागली होती. एक पायरी, दम, दुसरी पायरी, दम. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली असावी, कारण शीळ आता बरीच जवळून आली आणि नीट, पुरी ऐकू आली.

मी कळवळून त्यांच्या कानाशी लागले. “अहो, गुडघे आहेत का त्यांचे उतरण्यासारखे? ओ द्या आता, किती वाट बघायला लावाल?”

“देतो,” ते म्हणाले. “अजून एकदाच.”